बाग म्हणजे बांधकामच, कायद्यानेही तसंच मानावं

२०१८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये पावसाने इतकी दडी मारली की डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ हाऊस ह्या उमरावी वाड्याच्या दक्षिणेकडची ती प्रसिद्ध हिरवळ करपून गेली, आणि मग त्या करपलेल्या गवतात रेघा दिसायला लागल्या. गोल, वळणदार, मधेच एकदम सरळ जाणाऱ्या. ती १६९९ ची बाग होती. १७३० च्या आसपास तिच्यावर गवत पेरून टाकलं होतं, म्हणजे जवळपास तीनशे वर्षं लोक तिच्यावरून चालत होते आणि फोटो काढत होते. खाली जुन्या वाटांची खडी तशीच राहिलेली, तिच्यावर मातीचा थर पातळ, त्यामुळे तिथलं गवत आधी वाळलं आणि जिथे वाफे होते तिथे माती खोल असल्याने ते जरा जास्त टिकलं, एवढं साधं कारण. पण त्यातून दिसलं काय, तर एका मोठ्या बांधकामाचा पायाच.

मी बांधकाम म्हणतोय ते मुद्दाम. आपल्याकडे बाग म्हटली की फुलं, झाडं, सावली, बसायला बाक असं डोक्यात येतं, आणि इंग्लंडची बाग म्हटली की गुलाब नाहीतर लांबच लांब हिरवळ. पण सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या मोठ्या घरांभोवती जी बाग केली जायची, जिला फॉर्मल गार्डन म्हणतात, तिच्यात फुलांचा नंबर फार नंतर यायचा. आधी जमीन कापून सपाट करायची, टेरेस, म्हणजे उतारावर पायरीपायरीने सपाट केलेल्या जमिनी, पाडायचे, त्यांना दगडी भिंती आणि कठडे, एका पातळीवरून दुसरीवर उतरायला जिने, घराच्या मधल्या खिडकीतून सरळ निघणारी एक रेघ, त्या रेघेवर कारंजं, पुढे कालवा, टोकाला एखादा मंडप. मग त्या चौकटीत पार्टेर, म्हणजे कापलेली बुटकी झुडपं, रंगीत खडी आणि गवत वापरून जमिनीवर काढलेली नक्षी, जी वरच्या मजल्यावरून बघायची असते. आधी लेव्हल, मग पाणी, मग दगड आणि सगळ्यात शेवटी रोप, असा तो क्रम.

चॅट्सवर्थचं त्या काळातलं चित्र उपलब्ध आहे. लिओनार्ड निफ आणि यान किप हे दोघे डच कलाकार इंग्लंडमधल्या मोठ्या घरांची पक्ष्याच्या नजरेतून दिसावीत अशी चित्रं करायचे, निफने काढायची आणि किपने तांब्यावर कोरायची, आणि १७०७ मध्ये ती सगळी पुस्तकरूपात आली. त्यातलं चॅट्सवर्थ बघितलं की पहिल्यांदा कळतं की ह्या माणसांनी घर आणि बाग असे दोन वेगळे प्रोजेक्ट केलेच नव्हते. डेव्हनशायरचा पहिला ड्यूक विल्यम कॅव्हेन्डिश १६८७ पासून वीस वर्षं घर पाडून बांधत होता आणि त्याच वीस वर्षांत बागही चालू होती. पार्टेरचं काम जॉर्ज लंडन आणि हेन्री वाइझ ह्या जोडीकडे होतं, तेव्हाच्या इंग्लंडमधली ही सगळ्यात मोठी नर्सरीवाली मंडळी. घराच्या दक्षिणेला समोर एक टेकडी आडवी येत होती तर ती हटवली आणि १७०२ च्या सुमारास तिच्या जागी लांबलचक कालवा खणला, सुमारे २८७ मीटरचा. हे सगळं हाताने, फावड्याने आणि ढकलगाड्यांनी, घरातून सरळ बघताना नजर कुठे अडू नये एवढ्यासाठी. माझ्या मते एखादी भिंत किंवा घुमट बांधण्याइतकंच हे वास्तुकलेचं काम आहे.

आणि पाण्याचं बघा. चॅट्सवर्थचा कॅस्केड, म्हणजे उतारावरून दगडी पायऱ्यांवरून खाली येणारं पाणी, ग्रिले नावाच्या फ्रेंच माणसाने १६९६ मध्ये केला आणि नंतर काही वर्षांत तो वाढवून परत बांधला. चोवीस पायऱ्या, पण प्रत्येक पायरी थोडी वेगळी, रुंदी वेगळी, कड वेगळी, त्यामुळे पाण्याचा आवाज खाली येईपर्यंत बदलत राहतो. वरच्या टोकाला टॉमस आर्चरने १७०३ मध्ये बांधलेलं कॅस्केड हाऊस आहे, त्याच्या छतावरून आणि दगडी जलचरांच्या तोंडातून पाणी येतं. खाली पोचल्यावर ते पाणी जमिनीत गुडुप होतं असं बघणाऱ्याला वाटतं, पण तेच पाणी पाइपातून दक्षिणेच्या हिरवळीवरच्या सीहॉर्स फाउंटनला जातं, तिथून पश्चिमेकडच्या बागेतल्या कारंज्याला आणि मग डरवेंट नदीला. पंप नाही, वीज नाही, सगळं उतारावर. डोंगरावरची तळी, मधल्या नळ्या, कॅस्केड, दोन कारंजी, नदी, ही एकच रचना आहे, तिचा कुठला भाग महत्त्वाचा आणि कुठला बिनमहत्त्वाचा असं सांगताच येत नाही. अलीकडे गळती इतकी वाढली की कॅस्केडचं पाणी बंद ठेवावं लागलं, आणि दुरुस्तीसाठी मोठा निधी उभा करायची वेळ आली. ज्यांना वाटतं की बाग म्हणजे जरा पाणी घातलं आणि गवत कापलं की झालं त्यांनी हे काम एकदा समजून घ्यावं, दगड काढायचा, खालचा थर तपासायचा आणि तोच दगड त्याच जागी त्याच उतारावर परत बसवायचा, नाहीतर आवाज बदलतो.

आता माझा मुद्दा सांगतो. इंग्लंडचा कायदा ह्या वस्तूंना ओळखतो पण त्या रचनेला ओळखत नाही. मंडप, पुतळा, कठडा, जिना, कॅस्केड हाऊस हे सगळं ‘लिस्टेड बिल्डिंग’ होऊ शकतं, म्हणजे संरक्षित बांधकामांच्या सरकारी यादीत जाऊ शकतं. एकदा लिस्ट झालं की परवानगीशिवाय त्याला हात लावणं गुन्हा आहे, खरोखरचा फौजदारी गुन्हा. एवढंच नाही तर लिस्टेड घराच्या आवारात १ जुलै १९४८ च्या आधीचं जे बांधकाम असेल ते आपोआप त्या संरक्षणात येतं. उत्तम. पण त्या मंडपापासून घरापर्यंतची जी मोकळी रेघ आहे, टेरेसच्या पातळ्या आहेत, यू ह्या सदाहरित झाडाच्या कापून केलेल्या भिंती आहेत, हिरवळीखाली पडलेला तो १६९९ चा पाया आहे, त्याला काय? त्यासाठी एक वेगळं रजिस्टर आहे, १९८३ च्या नॅशनल हेरिटेज अ‍ॅक्टमुळे आलेलं, त्यात आज सुमारे १,७०० बागा आणि पार्क आहेत आणि चॅट्सवर्थ अर्थातच ग्रेड वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जात आहे. पण त्या रजिस्टरमध्ये नाव आल्याने कुठलीही वेगळी परवानगी घ्यावी लागत नाही. कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, प्लॅनिंग ऑफिसरने निर्णय घेताना ते लक्षात घ्यायचं, बस. म्हणजे तीनशे वर्षं जुनं यूचं कुंपण मालकाने उद्या उपटलं तर त्या रजिस्टरच्या जोरावर त्याला कोणी थांबवू शकत नाही, पण कुंपणाच्या टोकाशी असलेल्या लिस्टेड दगडी कुंडीला धक्का लागला तर केस होऊ शकते.

आपल्या वाचकाला हे चटकन कळेल असं सांगायचं तर वाड्याचे खांब, तुळया, महिरपी सगळं जपलं आणि चौकावर स्लॅब टाकून तिथे दुकान काढलं तर वाडा उरला असं कोणी म्हणेल का? चौक ही काही वस्तू नाही, तिथे हात लावून दाखवण्यासारखं काही नसतं, पण सगळा वाडा त्या चौकासाठी असतो. फॉर्मल बागेत मोकळी जागा हीच मुख्य रचना असते आणि दगड तिच्या कडा धरून ठेवतात.

हे सगळं आत्ता बोलायचं कारण असं की २०२५ च्या मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलं की प्लॅनिंगच्या अर्जांवर ज्यांचं मत घेणं कायद्याने बंधनकारक आहे अशा संस्थांच्या यादीतून काही नावं काढायचा विचार आहे, आणि त्यात ऐतिहासिक बागांसाठी असलेली संस्थाही होती. ती संस्था म्हणजे गार्डन्स ट्रस्ट. १९९५ पासून हा मान तिच्या आधीच्या संस्थेकडे होता, गार्डन हिस्टरी सोसायटीकडे, जी १९६५ मध्ये सुरू झाली आणि २०१५ मध्ये दुसऱ्या एका संघटनेत मिळून गार्डन्स ट्रस्ट झाली. सरकारच्या निवेदनात जुन्याच संस्थेचं नाव होतं, जी दहा वर्षांपूर्वी त्या नावाने संपली. ज्याचं मत ऐकणं बंद करायचंय तो नक्की कोण आहे एवढंही नीट बघितलं गेलं नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटलं.

हे काढून टाकल्याने काय बिघडेल असं कोणी विचारेल, कारण हिस्टॉरिक इंग्लंड ही सरकारी संस्था आहेच की. आहे, पण तिला फक्त ग्रेड वन आणि ग्रेड टू स्टार ह्या वरच्या दोन दर्जांच्या बागांबद्दलच विचारावं लागतं. साध्या ग्रेड टू बागांबद्दल राष्ट्रीय पातळीवर विचारलं जातं ते फक्त गार्डन्स ट्रस्टला, आणि रजिस्टरमधल्या निम्म्याहून जास्त बागा ग्रेड टू आहेत. चॅट्सवर्थला काही होणार नाही. तिथे लाखो लोक येतात, मोठा ट्रस्ट आहे, जाणकार माळी आहेत, एखादी वीट हलली तरी पेपरात येईल. धोका आहे तो ज्यांचं नाव जिल्ह्याबाहेर कोणी ऐकलेलं नाही अशा बागांना, जिथे घराचे फ्लॅट झालेत किंवा शाळा, केअर होम, हॉटेल झालंय, टेरेसचा अर्धा भाग पार्किंगखाली गेलाय आणि उरलेल्या अर्ध्यावर आता अर्ज आलाय. कौन्सिलच्या टेबलावर तो अर्ज येतो तेव्हा समोरच्या माणसाला तिथे काय आहे हे सांगणारं कोणीतरी हवं, कारण त्याला गवताचा उतार दिसतो आणि जाणकाराला तिथे १७ व्या शतकातला टेरेस दिसतो.

घरं बांधायची गरज आहे, अर्ज अडकून पडतात, म्हणून हे करतोय असं सरकार म्हणतं. घरांचा प्रश्न खराच आहे, आणि जे भाड्याच्या घरात पिचतायत त्यांच्यासमोर बागेचा विषय काढायला मलाही अवघड वाटतं. पण कायद्याने बंधनकारक संस्थेला उत्तर द्यायला मिळतात २१ दिवस. ती उत्तर देते, सल्ला देते, नकाराधिकार तिच्याकडे नाही. आणि हे काम बरंचसं जिल्ह्याजिल्ह्यातले स्वयंसेवक करतात, निवृत्त शिक्षक, माळी, आर्किटेक्ट, ज्यांनी जुने नकाशे, हिशेबाच्या वह्या, किपची चित्रं वर्षानुवर्षं बघितलेली असतात. असा फुकट मिळणारा अभ्यास नाकारून किती घरं जास्त उभी राहणार? उलट नंतर कामाच्या मधेच काहीतरी सापडलं की जो उशीर होतो तो जास्त महाग पडतो. घरं कुठे बांधायची हे ठरवताना तिथे काय आहे हे माहीत असणं ही अडचण कशी काय होते, हे मला आजपर्यंत कोणी पटवून दिलेलं नाही.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे आणि तो मी टाळणार नाही. बागा बदलतातच. खुद्द चॅट्सवर्थ घ्या. १७५० आणि ६० च्या दशकात चौथ्या ड्यूकने लॅन्सलॉट ब्राउनला बोलावलं, ज्याला सगळे केपेबिलिटी ब्राउन म्हणतात, आणि त्याने पहिल्या ड्यूकच्या उरलेल्या फॉर्मल बागेपैकी बरंच पुसलं, हौद बुजवले, नक्षी जाऊन हिरवळ आली, नदीकाठचा सगळा देखावा ‘नैसर्गिक’ दिसेल असा केला. जुना ग्रीनहाऊस आणि फ्लोरा ह्या रोमन पुष्पदेवतेचं छोटं देऊळ उचलून दुसरीकडे नेऊन बसवलं. मग १८२६ मध्ये सहाव्या ड्यूकने जोसेफ पॅक्स्टन नावाच्या बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला हेड गार्डनर केलं आणि त्याने दगडांची बाग, झाडांचे संग्रह, आणि १८३६ पासून ग्रेट स्टोव्ह नावाचं काचेचं प्रचंड घर उभं केलं, २७७ फूट लांब, आतून घोडागाडी जायची. १८४४ मध्ये रशियाचा झार येणार म्हणून एम्परर फाउंटन केलं, त्यासाठी घराच्या सुमारे ३५० फूट वर आठ एकरांचं तळं खणलं, पाणी जवळपास ९० मीटर उंच उडायचं, झार काही आलाच नाही. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, स्टोव्हमधली झाडं मेली आणि १९२० मध्ये तो सुरुंग लावून पाडला. त्याच्या पायाच्या भिंतींच्या आत १९६२ मध्ये यूची भूलभुलैया लावली. पश्चिमेच्या हिरवळीवर १९६० मध्ये बॉक्स नावाच्या बुटक्या झुडपांनी चिझिक हाऊस ह्या दुसऱ्या घराचा प्लॅनच काढला, म्हणजे विसाव्या शतकातलं नवीन पार्टेर. मग प्रश्न येतो की असा कायदा तेव्हा असता तर ब्राउनला परवानगी मिळाली असती का, पॅक्स्टनला मिळाली असती का?

कदाचित मिळाली नसती, आणि ते नुकसान झालं असतं. पण माझी मागणी बाग गोठवण्याची नाहीच. १९८१ मध्ये फ्लॉरेन्सला ऐतिहासिक बागांसाठी एक सनद झाली, तिच्यात बागेची व्याख्याच वास्तुरचना अशी आहे, फक्त तिचं साहित्य मुख्यतः जिवंत आहे एवढंच. आणि तिच्यात असंही म्हटलंय की दुरुस्ती करताना बागेच्या सगळ्या टप्प्यांचा मान ठेवायचा, तत्त्वतः एका काळाला दुसऱ्याच्या डोक्यावर बसवायचं नाही. चॅट्सवर्थच्या आजच्या मालकांनी १६९९ ची नक्षी दिसली म्हणून हिरवळ उपटून ती परत केली नाही ते मला म्हणूनच योग्य वाटतं, ती हिरवळही आता सुमारे तीनशे वर्षांची आहे. ब्राउनने जे केलं तेही एका रचनेला दुसऱ्या रचनेने दिलेलं उत्तर होतं, चूक असो की बरोबर. आज ज्या बागा जातायत त्या दुसऱ्या बागेसाठी जात नाहीत. त्या जातात सर्व्हिस रोडसाठी, बिन्स ठेवायच्या जागेसाठी, लेव्हल न बघता टाकलेल्या डांबरासाठी, आणि बहुतेक वेळा कोणी ठरवून नाही तर कोणाला माहीतच नव्हतं म्हणून. बदल करणाऱ्याला आपण काय बदलतोय हे माहीत असावं एवढीच अट आहे, आणि ब्राउनला ते पुरेपूर माहीत होतं.

तिसरा आक्षेप आपल्या लोकांकडून येतो, आणि यायलाच हवा. ह्या उमरावांच्या चैनीच्या बागा, ज्यांच्या पैशात कुळांचा घाम, खाणीतल्या मजुरांची फुप्फुसं, आयर्लंडमधल्या जमिनींचा खंड, त्या आपण का जपायच्या आणि मराठीत त्यावर कशाला लिहायचं? कॅव्हेन्डिश घराण्याला आयर्लंडमधून खरंच मोठं उत्पन्न येत होतं आणि एक्टनच्या तांब्याच्या खाणीतूनही. भारताचा धागाही आहेच, १८३५ मध्ये चॅट्सवर्थचा एक तरुण माळी, जॉन गिब्सन, कलकत्त्याला पाठवला गेला, तिथल्या बोटॅनिकल गार्डनमधून आणि खासी टेकड्यांमधून तो ऑर्किड आणि बाकी दुर्मिळ झाडं घेऊन परतला आणि ती पॅक्स्टनच्या काचघरांमध्ये वाढली. हे सगळं सांगितलंच पाहिजे, बागेतल्या पाट्यांवरसुद्धा. पण बाग नष्ट झाली की हा पुरावाही नष्ट होतो. टेकडी हटवणाऱ्या मजुरांची नावं कुठे दगडावर कोरलेली नाहीत, त्यांनी सपाट केलेली ती जमीन हीच त्यांची खूण आहे. आणि ह्या जागा आज फक्त उमरावांच्या राहिलेल्या नाहीत, खरं तर फार आधीपासून नाहीत, १८४९ मध्ये जवळच्या राउझ्लीपर्यंत रेल्वे आली आणि त्या एका उन्हाळ्यात सुमारे ८०,००० लोक चॅट्सवर्थ बघायला आले, त्यात गिरणीतले कामगार होते. आज शेफिल्ड, डर्बी, मँचेस्टरकडची आपली मराठी कुटुंबंही सुट्टीच्या दिवशी तिथे डबे घेऊन जातात आणि पोरं कॅस्केडच्या पायऱ्यांपाशी हुंदडतात. आपण इथे इंग्लंडमध्ये टॅक्स भरतो, इथल्या कौन्सिलच्या प्लॅनिंग अर्जावर मत नोंदवायचा आपल्यालाही तेवढाच हक्क आहे, आणि तो आपण फारच क्वचित वापरतो.

लहान बाग वाचली तर काय होतं ते बघायचं असेल तर ग्लॉस्टरशायरमधलं वेस्टबरी कोर्ट बघा. मेनार्ड कोल्चेस्टर नावाच्या माणसाने १६९६ पासून साधारण १७०५ पर्यंत डच पद्धतीची पाण्याची बाग केली, एक लांब सरळ कालवा, त्याच्या टोकाला दोन मजली उंच मंडप, खिडकीत उभं राहिलं की सगळं पाणी सरळ रेषेत समोर. घर कधीच गेलं. विसाव्या शतकात ही जागा बांधकामासाठी विकली गेली, कालवे गाळाने भरलेले, मंडप पडायला आलेला. १९६७ मध्ये नॅशनल ट्रस्ट ह्या वारसा जपणाऱ्या संस्थेने ती घेतली तेव्हा इंग्लंडमध्ये अशा बागेची दुरुस्ती कोणी फारशी केलेलीच नव्हती. पण कोल्चेस्टरची हिशेबाची वही उरली होती, कुठली झाडं आणि कंद किती घेतले त्याच्या नोंदींसकट, आणि किपचं चित्र होतं, त्यावरून काम झालं. आज तिथे उभं राहिलं की घर नाही ह्याची उणीव भासते, पण त्याच वेळी हेही कळतं की घर गेलं तरी बागेची वास्तू स्वतःच्या पायावर उभी राहू शकते. हे घडलं ते कायद्यामुळे नाही, काही माणसं वेळेवर जागी झाली म्हणून. प्रत्येक वेळी असं होईल ह्यावर धोरण उभं करता येत नाही.

उलटं बघायचं असेल तर बकिंगहॅमशायरमधली स्टोची मोठी बाग. १९२१ आणि २२ मध्ये तिथे लिलाव झाले, बागेतले पुतळे, कुंड्या विकल्या गेल्या. बागेतली शोभेची देवळं राहिली, तळी राहिली, नंतर घरात शाळा आली म्हणून सगळं मोडून पडलं नाही. पण स्टोमध्ये प्रत्येक पुतळा एका नजरेच्या शेवटाला ठेवलेला होता, तो उचलला की ती वाटच निरर्थक होते, कुठे चाललोय ते कळेनासं होतं. पुढे नॅशनल ट्रस्टने कितीतरी पुतळ्यांच्या प्रतिकृती करून त्या त्या जागी परत बसवल्या, आणि मी ते पूर्ण समर्थनीय मानतो कारण तिथे रचना शाबूत होती, फक्त तिचे बिंदू हरवले होते.

पण जिथे रचनाच गेली तिथे नंतर कितीही पैसे ओतले तरी ती परत येत नाही. केनिलवर्थच्या किल्ल्यात इंग्लिश हेरिटेज ह्या वारसा संस्थेने २००९ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातली बाग नव्याने उभी केली, १५७५ मध्ये तिचा लाडका सरदार रॉबर्ट डडलीने तिच्यासाठी केलेली. एका पाहुण्याच्या पत्रातलं वर्णन आणि खोदकामात सापडलेला कारंज्याचा पाया ह्यावरून. सुंदर आहे, मुलांना शिकवायला उत्तम आहे, पैसेही भरपूर लागले. पण फ्लॉरेन्सची सनद स्पष्ट म्हणते की जी बाग पूर्ण नाहीशी झाली, किंवा जिच्याबद्दल फक्त अंदाजच बांधता येतात, ती परत केली तर तिला ऐतिहासिक बाग म्हणता येणार नाही. ती नवीन बाग आहे, जुन्या बागेबद्दलची. आहे ती टिकवायला जो खर्च येतो, पाइप, सांधे, गाळ, कुंपणं कापणारे हात, तो दरवर्षीचा आणि कंटाळवाणा असतो, त्याचं उद्घाटन करायला मंत्री येत नाही, पण वाचते ती बाग त्यानेच.

मुंबईकरांना हा वाद परका वाटू नये. १८६२ ची राणीची बाग ह्याच ब्रिटिश परंपरेतून आलेली आहे, तिच्यात झू वाढवायचे बेत झाले तेव्हा भायखळ्यात नागरिक उभे राहिले आणि त्यांनी हेच सांगितलं की गेट आणि म्युझियम वाचवून बाग वाचत नाही, वाटा आणि झाडांची मांडणी हाच तिचा वारसा आहे. त्यांनी झाडं मोजली, नोंदी केल्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. इंग्लंडमधले जिल्ह्याजिल्ह्यातले स्वयंसेवक तेच करतायत, फरक एवढाच की त्यांचं म्हणणं ऐकणं आजवर कायद्याने बंधनकारक होतं.

माझं म्हणणं असं आहे की गार्डन्स ट्रस्टचा सल्ला घेण्याचं बंधन राहू द्या, ग्रेड टूसाठी तर नक्कीच. दुसरं, रजिस्टरला कायद्याचा आधार द्या. वेल्सने २०२२ मध्ये आपलं रजिस्टर वैधानिक केलं, इंग्लंडचं अजून नाही. इंग्लंडच्या २०२३ च्या एका कायद्यात रजिस्टरमधल्या बागांचा विशेष विचार करायची तरतूद लिहिली गेली खरी, पण ती लगेच लागू केलीच नाही, कागदावर ठेवली. ती लागू करा. तिसरं जरा पुढचं आहे आणि ह्यावर भांडण होईल ह्याची कल्पना आहे: जमिनीच्या पातळ्या, कालवे, टेरेस आणि घरातून निघणाऱ्या मुख्य रेघेवरची जुनी कुंपणं बदलायला लिस्टेड इमारतीसारखी वेगळी परवानगी असावी. फुलांच्या वाफ्यांना नको, मालकाने तिथे काय हवं ते लावावं, दरवर्षी बदलावं. सांगाड्याला हवी. आणि परवानगी मागणाऱ्या लहान मालकांना दुरुस्तीसाठी अनुदान मिळायला हवं, कारण जबाबदारी नुसती लादली आणि हात वर केले तर माणसं कुंपण मरू देतात आणि मग मेलं म्हणून कळवतात.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या वाचकांनी आपल्या कौन्सिलच्या वेबसाइटवर जाऊन आपल्या भागातली रजिस्टरमधली एखादी ग्रेड टू बाग शोधावी, तिच्यावर कुठला अर्ज चालू आहे का बघावं, आणि असेल तर प्रत्यक्ष जाऊन, पातळ्या, भिंती, पाणी कुठून कुठे जातं ते बघून आपलं मत लिहावं. मत पाठवायला सहसा तीन आठवडे मिळतात.